तिबुर्सिओ का पळाला

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात मराठी घरांतून मिशनचं नाव रोज निघतं. मिशन बुलेव्हार्डवर आज फार ट्रॅफिक होता, रविवारी मिशन पीक चढायला येणार का, मिशन सान होसे भागातल्या शाळा चांगल्या म्हणून कर्ज काढून तिकडेच घर घेतलं. हे सगळं ज्याच्या नावाने चालतं ते मिशन रस्त्याच्या कडेलाच उभं आहे. जाड पांढऱ्या भिंती, वर कौलं, आत सोनेरी मुलामा दिलेली वेदी. ११ जून १७९७ रोजी फ्रान्सिस्कन पंथाच्या स्पॅनिश पाद्रींनी इथल्या मूळ रहिवाशांना ख्रिस्ती करायला ते सुरू केलं. मूळचं चर्च १८६८ च्या भूकंपात पडलं आणि आज दिसतं ते १९८५ मध्ये पुन्हा बांधून पुरं झालेलं. पाद्रींच्या राहत्या इमारतीचा तेवढा एक भाग जुना उरला आहे. त्यात आता छोटं संग्रहालय आहे.

मी या गावात राहते. इथल्या जमिनीचा इतिहास मी हौसेने वाचायला घेतला आणि वाचता वाचता अशा एका कागदापाशी येऊन थांबले की त्याच्या पुढे जाताच येईना. त्या कागदाबद्दल सांगायचं आहे. पण आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर त्याचं वजन कळणार नाही.

आजच्या अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १७६९ ते १८२३ या काळात एकवीस मिशनं उभी राहिली. दक्षिणेला सान दिएगो, उत्तरेला सोनोमा. स्पेनच्या राजाला भीती होती की उत्तरेकडून रशियन खाली सरकतील आणि कागदावर आपला असलेला हा किनारा हातचा जाईल. इतक्या दूर वसवायला त्याच्याकडे माणसं नव्हती. म्हणून मेक्सिकोतला त्याचा अधिकारी होसे दे गाल्वेस याने जुनाच, स्वस्तातला मार्ग धरला. पाद्री पाठवायचे, सोबत थोडे शिपाई द्यायचे आणि जे लोक तिथे आधीपासून राहतात त्यांनाच राजाची ख्रिस्ती प्रजा करून टाकायचं. नियमाप्रमाणे मिशन ही तात्पुरती व्यवस्था होती. दहा वर्षांत लोक ‘तयार’ झाले की जमीन त्यांच्या नावे करून पाद्रींनी पुढे जायचं असं ठरलं होतं. त्यांतल्या एकाही मिशनात दहा वर्षांनी तसं घडलं नाही.

या कामाचा प्रमुख होता मायोर्का बेटावरचा पाद्री हुनिपेरो सेरा. त्याच्याबद्दल लिहिताना हात आखडतो, कारण तो सोपा माणूस नव्हता. शिपाई गुरं पकडायचे दोरीचे फास टाकून स्थानिक बायकांना पकडतात आणि अत्याचार करतात, हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याची दाद मागायला तो पायाच्या दुखण्यासकट मेक्सिको शहरात व्हाइसरॉयपर्यंत गेला. १७७५ मध्ये सान दिएगोच्या मिशनवर कुमेयाय लोकांनी हल्ला केला, पाद्री लुईस हायमे मारला गेला, तेव्हा मारेकऱ्यांना फाशी देऊ नका अशी विनंती करणारा हाच माणूस. आणि १७८० मध्ये गव्हर्नर फेलिपे दे नेवेला पत्र लिहून, आध्यात्मिक बापांनी आपल्या इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, लेकरांना फटके मारून शिक्षा करणं ही अमेरिका जिंकल्यापासूनची रीत आहे, असं ठासून सांगणाराही हाच. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला वॉशिंग्टनमध्ये संतपद दिलं तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कितीतरी मूळ रहिवाशांनी विरोध केला. २०२० च्या जूनमध्ये सान फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधला त्याचा पुतळा निदर्शकांनी पाडला.

सेरा चांगला की वाईट, हा वाद इथे अजून चालतो. मला त्यात फार वेळ घालवावासा वाटत नाही. माझ्या मते मिशनला विचारायचा प्रश्न वेगळा आणि अगदी साधा आहे: आत आलेल्या माणसाला परत जाता येत होतं का?

नव्हतं. बाप्तिस्मा घेतला की माणूस मिशनचा झाला. काही आठवड्यांची सुट्टी मिळायची, गावी जाऊन नातेवाइकांना भेटून, रानातलं अन्न गोळा करून यायला. त्यापलीकडे न सांगता गेला तर तो पळपुटा. मग शिपाई मागावर जाणार, धरून आणणार, फटके बसणार, खोड्यात पाय अडकवणार. बाप्तिस्मा घेताना हे कुणी समजावून सांगितलं असेल का, आणि कोणत्या भाषेत? या किनाऱ्यावर आणि आतल्या भागात मिळून शंभराच्या आसपास भाषा होत्या. सान फ्रान्सिस्कोच्या आखातापासून मोंतेरेपर्यंत ज्यांना आज ओलोनी म्हणतात त्यांचेच पन्नासेक वेगवेगळे समूह होते, प्रत्येकाची आपली हद्द, आपले सोयरे, आपल्या ओकच्या राया.

मग ते आत गेलेच का, हा प्रश्न मलाही पडला होता. काही जण कुतूहलाने गेले, काही नव्या वस्तूंसाठी, काही आजारी पोराला घेऊन, काही आधी गेलेल्या भावंडांच्या ओढीने. पण एक कारण जमिनीतच होतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

ओलोनी लोक ओकची फळं खायचे. शरदात ती गोळा करायची, वाळवायची, दगडी उखळात कुटून पीठ करायचं. ते पीठ कडू असतं. म्हणून वाळूत खळगा करून त्यात ते पसरायचं आणि वरून पाणी ओतत राहायचं, चव घेत घेत, पुन्हा पुन्हा, कडूपणा धुऊन जाईपर्यंत. नंतर विणलेली टोपली घ्यायची, इतकी घट्ट विणलेली की थेंब गळत नाही. तिच्यात पाणी आणि पीठ घालून विस्तवात तापवलेले दगड एकेक करून सोडायचे आणि दगड बुडाशी लागून टोपली जळू नये म्हणून सतत ढवळत राहायचं. थोड्या वेळात पेज रटरटायला लागते. ओकच्या जोडीला गवताचं बी, हेझलनट, शिंपले, सालमन मासे, हरीण. आणि दरवर्षी ठरलेल्या वेळी ते माळ पेटवायचे. कोकणात पेरणीआधी राब भाजतात तसंच हे शहाणपण: वाळकं जळून जातं, नवं गवत दाट येतं, बी जास्त मिळतं, टोपल्यांना लागणारे कोंब सरळ फुटतात.

मिशनची गुरं आली आणि त्यांनी हे माळ चरून काढले. त्यांच्या चाऱ्याबरोबर युरोपातली तणं आली आणि पसरली. १७९३ मध्ये गव्हर्नर होसे होआकिन दे आरिल्यागा याने माळ पेटवण्यावर बंदी घातली, कारण गुरांचा चारा जळत होता. वर्ष-दोन वर्षांत पाऊस दडी मारून बसला. १७९४ आणि ९५ मध्ये आखाताच्या भोवतालच्या गावांतून माणसं झुंडीने मिशनमध्ये आली आणि बाप्तिस्मे झाले. ज्यांची कोठारं रिकामी झाली होती ती माणसं जिथे लापशी मिळते तिथे गेली. याला धर्माची ओढ म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आत गेल्यावर दिवस घंटेवर चालायचा. घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की जवाची पातळ लापशी, घंटा झाली की काम. विटा पाडणं, नांगर, गुरं राखणं, कातडी कमावणं, चरबी वितळवणं, विणकाम. सात-आठ वर्षांच्या मुलींपासून बिनलग्नाच्या आणि विधवा बायकांपर्यंत सगळ्यांना रात्री एका खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावायचे. शिपायांपासून जपण्यासाठी, असं पाद्री सांगत, आणि शिपायांचे प्रताप पाहता त्यात तथ्यही होतं. पण हवा नसलेल्या त्या खोल्यांत रोगाला रान मोकळं मिळालं. मुली आईपासून तुटल्या, आणि टोपली विणायची, पीठ धुवायचं हे शिकायचं वयच कुलपाआड गेलं. १७८६ मध्ये ला पेरूझ हा फ्रेंच दर्यावर्दी मोंतेरेला येऊन गेला. कार्मेलचं मिशन बघून त्याला कॅरिबियनमधल्या सेंट डोमिंगोचे गुलामांचे मळे आठवले, आणि त्याने ते लिहून ठेवलं. बेड्या, खोडा आणि चाबूक त्याने डोळ्यांनी पाहिले होते.

आता त्या कागदाकडे येते.

१७९५ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या मिशनमधून एका हंगामात २८० हून जास्त माणसं पळाली. आखात ओलांडून पूर्व किनाऱ्याला, म्हणजे आज ओकलंड, बर्कली, फ्रीमाँट आहेत त्या बाजूला, आपापल्या मुलखात गेली. १७९७ च्या उन्हाळ्यात, आमचं मिशन सान होसे सुरू होऊन जेमतेम महिना झाला असताना, सार्जंट पेद्रो आमादोर शिपाई घेऊन इकडच्या टेकड्यांत शिरला आणि त्यांतल्या काहींना धरून घेऊन गेला. सान फ्रान्सिस्कोच्या लष्करी ठाण्यात होसे अर्ग्वेयो या अधिकाऱ्याने त्यांना एकेक करून विचारलं: का पळालास? आणि उत्तरं लिहून घेतली. वीसेक माणसांची, प्रत्येकाचं एक-दोन ओळींत.

तिबुर्सिओने सांगितलं की त्याची बायको आणि मुलगी वारली, आणि तो रडत होता म्हणून पाद्री दांती याने त्याला पाच वेगवेगळ्या वेळी फटके मारायला लावले. म्हणून तो पळाला.

ओमोबोनोचा भाऊ आखाताच्या पलीकडे वारला होता. मिशनमध्ये त्याच्यासाठी रडला तेव्हा त्याला मारलं. माहिन आजारी असताना त्याला खोड्यात घातलं होतं, शिवाय तो उपाशी होता. प्रोस्पेरो एका रात्री तळ्यावर बदकं मारायला गेला होता, खायला काही मिळावं म्हणून. त्यासाठी त्याला आडवा पाडून मारलं. बाकीच्यांची उत्तरंही याच वळणाची आहेत: आई मेली, मुलं मेली, भूक लागली, मार बसला.

मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. साम्राज्यांच्या इतिहासात क्रौर्य खूप वाचायला मिळतं. पण बायको-मुलगी गेल्यावर रडणाऱ्या माणसाला पाच वेळा मारणं, हे मला कुठल्याच कप्प्यात ठेवता येत नाही. आपल्याकडे मयताच्या घरी शत्रूसुद्धा दारात येऊन बसतो. ओलोनी लोकांत शोक फार मोठा असे. केस कापत, राख फासत, मोठ्याने आकांत करत. पाद्रींच्या डोळ्यांना ते रानटी दिसलं असणार. त्यांच्या लेखी आत्मा देवाघरी पोचला होता आणि एवढा विलाप म्हणजे जुन्या वाटेला परत लागणं होतं. तिबुर्सिओला आपल्या माणसांसाठी आपल्या रीतीने रडायचं होतं. ते रडणंही मिशनच्या ताब्यात गेलं होतं.

हे सगळ्या पाद्रींना पटत होतं असं नाही. त्याच मिशनमधल्या होसे मारिया फेर्नांदेस या पाद्रीने दांतीच्या वागण्याविरुद्ध गव्हर्नरकडे तक्रार केली होती. १७९८ मध्ये सान मिगेल मिशनच्या आंतोनियो दे ला कोन्सेप्सिओन ओर्रा याने तर सगळ्या मिशनांतल्या वागणुकीबद्दल व्हाइसरॉयला लिहिलं. त्याच्या वरिष्ठांनी त्याला वेडा ठरवून परत पाठवून दिलं.

आणि माणसं मरत होती. १८०६ च्या वसंतात गोवराची साथ आली आणि आखाताभोवतालच्या मिशनांतला जवळजवळ चौथा हिस्सा काही आठवड्यांत संपला. कार्मेलच्या मिशनमध्ये जन्मलेल्या बाळांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बाळं वर्षाची व्हायच्या आत गेली. हे साथीचे रोग होते, पाद्रींनी मुद्दाम आणले नव्हते, असं म्हटलं जातं आणि ते खरंच आहे. पण रोग सुरू असताना माणसांना एका आवारात दाटीने ठेवणं, पळून रानात गेलेल्यांना धरून पुन्हा त्याच आवारात आणणं, हे रोगाने केलं नव्हतं.

लोक गप्प बसले नाहीत. १७८५ मध्ये सान गाब्रिएलला तोइपुरिना नावाच्या, टोंग्वा जमातीच्या वैदूबाईने उठावाला साथ दिली, १८१२ मध्ये सान्ता क्रुसच्या मिशनमधल्या लोकांनी पाद्री आंद्रेस किंताना याला ठार केलं, १८२४ मध्ये तीन मिशनांतले चुमाश जमातीचे लोक एकदम उठले आणि ला पुरीसिमाचं मिशन त्यांनी महिनाभर ताब्यात ठेवलं. आमच्या मिशन सान होसेची कथा एस्तानिस्लाओची. तो सान होआकिन खोऱ्यातला, योकुत्स जमातीचा, मिशनमध्ये आलेला, घोड्यावर पक्का, लोकांचा अल्काल्दे म्हणजे पुढारी म्हणून निवडलेला. १८२८ च्या सुमारास तो आपल्या मुलखात गेला तो परतलाच नाही. शेकडो माणसं त्याला मिळाली. नदीकाठच्या दाट झाडीत त्यांनी खंदक खणले, लाकडी आडोसे उभे केले आणि चालून आलेलं सैन्य परतवून लावलं. शेवटी १८२९ च्या मे महिन्यात मारियानो वायेहो हा लष्करी अधिकारी शंभराहून अधिक शिपाई आणि तोफ घेऊन गेला, झाडी पेटवून दिली. हाती लागलेल्या काही कैद्यांना, त्यांत बायकाही होत्या, मारून टाकण्यात आलं.

एस्तानिस्लाओ निसटला आणि कुठे गेला? थेट मिशनमध्ये, पाद्री नार्सिसो दुरान याच्याकडे. दुरानने त्याला आसरा दिला, गव्हर्नरकडून माफी मिळवून दिली आणि वायेहोच्या माणसांनी केलेल्या कत्तलीची चौकशी व्हावी म्हणून पाठपुरावा केला. याच दुरानने मिशनमध्ये स्थानिक मुलांचा तीसेक वाद्यांचा ताफा उभा केला होता. त्यांना वाचायला सोपं जावं म्हणून वेगवेगळ्या आवाजांच्या ओळी तो वेगवेगळ्या रंगांत लिहायचा. ते संगीत ऐकायला लांबून लोक येत. या पोरांनी ते जीव लावून वाजवलं असेल असं मला वाटतं. आज ज्या नदीला आणि ज्या जिल्ह्याला स्टॅनिस्लॉस म्हणतात ते एस्तानिस्लाओचंच नाव.

इथे वसईची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. गोन्सालो गार्सिया हा वसईत जन्मलेला, पोर्तुगीज बापाचा आणि कोकणी आईचा मुलगा मनिलाला जाऊन याच फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला, तेही स्पॅनिश साम्राज्याच्या छत्राखाली. १५९७ मध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. त्याच्यासह मरण आलेल्या सव्वीस जणांत मेक्सिकोचा फेलिपे दे हेसुसही होता. वसईत आजही लोक त्या संताला मानतात, गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. श्रद्धा कशी आली आणि तिचं लोकांनी काय केलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वसईच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ओलोनी घराण्यांतही आज कितीतरी जण कॅथलिक आहेत. त्यांच्या पूर्वजांवर जे झालं त्याचा हिशेब मागायला त्यांना श्रद्धा सोडावी लागत नाही.

पुढचं वेगाने घडलं. मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला आणि १८३४ पासून मिशनं मोडीत काढली गेली. निम्मी मालमत्ता स्थानिकांना द्यायची ठरली होती. जमीन बहुतेक ठिकाणी बड्या घराण्यांच्या घशात गेली आणि ज्यांनी ती कसली ते त्यांच्याच रँचांवर गडी म्हणून राहिले. १८४८ मध्ये सोनं सापडलं, अमेरिकन आले. १८५० चा कायदा नावाने इंडियनांच्या ‘संरक्षणाचा’ होता आणि त्याने त्यांना वेठीला धरायची सोय केली. कॅलिफोर्नियाचा पहिला गव्हर्नर पीटर बर्नेट १८५१ मध्ये विधिमंडळापुढे म्हणाला की ही जात नामशेष होईपर्यंत संहाराचं युद्ध चालूच राहील. स्पॅनिश लोक येण्याआधी या प्रांतात तीन लाखांच्या आसपास माणसं होती. १८७० पर्यंत तीस हजार उरली. २०१९ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली.

१९२५ मध्ये आल्फ्रेड क्रोबर या मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाने लिहून टाकलं की ओलोनी व्यवहारात संपल्यासारखेच आहेत. त्याच सुमाराला, फ्रीमाँटपासून थोड्याच अंतरावर प्लेझंटनजवळच्या वस्तीत, आंहेला कोलोस आणि होसे गुझमान ही वयस्क माणसं जॉन हॅरिंग्टन नावाच्या संशोधकासमोर बसून ओलोनींच्या चोचेन्यो भाषेतले शब्द, गाणी, गोष्टी सांगत होती. गुझमान १९३४ मध्ये वारले. हॅरिंग्टनने लिहून ठेवलेल्या वह्यांवरून त्यांचे वंशज आज ती भाषा पुन्हा बोलायला शिकले आहेत. व्हिन्सेंट मेदिना आणि लुईस त्रेविनो यांनी बर्कलीत कॅफे ओलोनी काढलं आणि तिथे ओकच्या पिठाची पेज पानात वाढायला सुरुवात केली.

मुवेकमा ओलोनी हा समाज केंद्र सरकारची मान्यता मागतो आहे. १९२७ मध्ये एका अधिकाऱ्याच्या अहवालामुळे त्यांचं नाव यादीतून गळलं, आणि २००२ मध्ये सरकारने पुन्हा नकार दिला, पुरावा पुरेसा नाही म्हणून. आपण कुणाचे हे सिद्ध करायला त्यांनी मिशनच्याच चोपड्या धरल्या आहेत. पाद्री नोंदी चोख ठेवत. कॅलिफोर्नियाच्या मिशनांतल्या १८५० पर्यंतच्या नोंदी आता संगणकावर आहेत, त्यांत स्पॅनिश कुटुंबांच्याही आल्या: एक लाख एक हजार बाप्तिस्मे, अठ्ठावीस हजार लग्नं, एकाहत्तर हजार दफनं. माणसाचं मूळ गाव, आईबापांची नावं, त्याला दिलेलं नवं नाव, सगळं एका ओळीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मुवेकमांचे काही लोक सान फ्रान्सिस्कोहून घोड्यांवर बसून वॉशिंग्टनला गेले, मान्यता द्या म्हणून सांगायला.

आमच्याकडे चौथीच्या मुलांना मिशनचा धडा असतो. वर्षानुवर्षं मुलं साखरेच्या चौकोनी खड्यांची नाहीतर पुठ्ठ्याची मिशनं करून शाळेत नेत. आखाताभोवतालच्या या भागातल्या, म्हणजे बे एरियातल्या, किती मराठी आईबापांनी रात्री जागून त्या घंटाघराला डिंक लावला असेल! आता राज्याच्या अभ्यासक्रमातच म्हटलं आहे की असल्या प्रतिकृती करून मुलांना तिथल्या माणसांबद्दल फारसं काही कळत नाही. बऱ्याच शाळांनी ते सोडलं आहे, काहींत अजून चालतं. तुमच्या घरी चौथीतलं मूल असेल तर त्याच्या शिक्षकांना तिबुर्सिओ, ओमोबोनो, माहिन, प्रोस्पेरो ही नावं कळवा, आणि ते काय म्हणाले ते वर्गात वाचून दाखवता येईल का असं विचारा. मिशनपासून जवळच वॉशिंग्टन बुलेव्हार्डला ओलोनींची दफनभूमी आहे, सुमारे चार हजार माणसांची. मुलाला मिशन दाखवायला न्याल तेव्हा तिथेही घेऊन जा.